लिफ्टचे रोप आणि अकरावीचं फिजिक्स

पत्र थोडक्यात असं: घणसोलीत राहणारे एक वाचक आयटीआय झालेले आहेत आणि बरीच वर्षं लिफ्टच्या देखभालीचं काम करतात. मुलगा ठाण्याच्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. घटक चाचणीत फिजिक्समध्ये २५ पैकी ७ गुण पडले. 'इलॅस्टिसिटी'ची, म्हणजे तारा ताणण्याची गणितं तर सगळीच गेली. नौपाड्यातल्या एका क्लासने फक्त न्यूमरिकल्सची वेगळी बॅच सुचवली आहे, फी ३५,००० रुपये. पत्नीचं म्हणणं, भरून टाका. मुलगा म्हणतो, मला सायन्सच नको, कॉमर्सला जातो. वडील लिहितात, 'पोराला फॉर्म्युले सगळे पाठ आहेत, तरी गणित सुटत नाही. म्हणजे डोकंच त्या बाजूचं नाही का? मी शेजारी बसलो तर म्हणतो, बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. खरंच कळत नाही. क्लास लावू, की जाऊ देऊ कॉमर्सला?' सोबत त्यांनी मुलाच्या वहीच्या चार पानांचे फोटो पाठवले आहेत.

नमस्कार,

वहीची पानं पाठवलीत, फार बरं केलंत. पालकांची पत्रं बहुतेक वेळा गुणांवर सुरू होतात आणि गुणांवरच संपतात. २५ पैकी ७ या आकड्यावरून पोराचं नेमकं कुठे अडलंय ते कुणालाच सांगता यायचं नाही. वहीवरून सांगता येतं.

तुमच्या मुलाने चारही पानांवर पहिल्या ओळीत सूत्र बिनचूक लिहिलं आहे. यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातू किती ताठर आहे ते सांगणारा आकडा: स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचा ताण) भागिले स्ट्रेन (मूळ लांबीमागची वाढ). त्यावरून तारेची वाढ म्हणजे ताण गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ आणि मॉड्युलसचा गुणाकार. एकदाही चुकलेला नाही. गुणाकार-भागाकारही ठीक आहेत. तरी चारही उत्तरं चुकली आहेत. तुम्ही यातून 'डोकं त्या बाजूचं नाही' असं काढलंत. मला या पानांवर दिसतंय ते असं, की हा मुलगा सूत्राच्या आधीचं काम करतच नाही. प्रश्न वाचला की आकडे उचलतो आणि सूत्रात टाकतो. त्याला कुणी दुसरं काही करायला सांगितलेलंही नसावं.

आता एकेक पान बघू. तुम्हाला समजेल अशाच भाषेत लिहिते, कारण हे तुम्हाला समजत नाही यावर माझा विश्वास नाही.

पहिलं पान. दोन मीटर लांब आणि १ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार, तिला १० किलो वजन टांगलं, तर ती किती वाढेल? पोलादाचा यंग्ज मॉड्युलस प्रति चौरस मीटर न्यूटनमध्ये २ वर ११ शून्यं इतका दिलेला आहे. मुलाने व्यास हीच त्रिज्या समजून घेतली. चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करताना हजाराने दोनदा भागायला हवं, त्याने एकदाच भागलं. उत्तर आलं ०.००००००३१ मीटर, आणि त्याखाली त्याने पट्टीने दोन रेघा मारल्यात. हे उत्तर म्हणजे मिलिमीटरचा साधारण तीन हजारावा भाग. बरोबर उत्तर आहे सव्वा मिलिमीटर.

चूक त्रिज्येची आहे, दशांश चिन्हाची आहे, पण त्याहून मोठी चूक त्या दोन रेघांची आहे. दहा किलोचं ओझं लटकवून तार मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकी वाढते, हे लिहिताना त्याला काहीच खटकलं नाही. तुम्हाला खटकलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, 'एवढ्या बारीक तारेला दहा किलो? एखादा मिलिमीटर तरी येईलच.' मग मागे जाऊन शोधावं लागतं की काय राहिलं.

पोलादाच्या बाबतीत एक अंदाज कायम जवळ ठेवावा: मीटरला मिलिमीटर. साधं पोलाद कायमचं ताणलं जाण्याच्या आत मीटरमागे साधारण एक-सव्वा मिलिमीटर वाढतं. जास्त ताकदीच्या तारा त्याच्या काही पट वाढू शकतात, पण कुठलीही पोलादी तार मीटरमागे पाच सेंटिमीटर वाढून पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. म्हणून उत्तर सेंटिमीटरमध्ये आलं किंवा भिंगातूनही दिसणार नाही इतकं लहान आलं, तर पेन खाली ठेवून एकक तपासायचं. मोठ्या परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन तर या एका अंदाजानेच कधीकधी बाद होतात.

एककांच्या घोळावर कारखान्यातला एक साधा उपाय आहे, जो कॉलेजात फारसा सांगत नाहीत. सगळं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये करायचं. पोलादाचा मॉड्युलस मग २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होतो, तांब्याचा साधारण १ लाख २० हजार, ॲल्युमिनियमचा ७० हजार. वरच्या गणितात ताण ९८ न्यूटन (१० किलो गुणिले ९.८), लांबी २००० मिलिमीटर, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. ९८ गुणिले २००० भागिले ०.७८५, त्याला पुन्हा २ लाखांनी भागा. १.२५ मिलिमीटर. शून्यांची रांगच उरत नाही. मीटरमध्ये हवं असेल तर शेवटी एकदा हजाराने भागायचं.

दुसऱ्या पानावर तार दोन्ही टोकांना धरून प्रत्येकी १०० न्यूटनने ओढली आहे. मुलाने ताण घेतला २०० न्यूटन. हे चुकणारी पोरं दरवर्षी प्रत्येक वर्गात निम्म्याहून अधिक असायची, आणि हुशार म्हणवणारीही त्यात असायची. तारेतला ताण १०० न्यूटनच असतो. छताला तार बांधून खाली १०० न्यूटनचं वजन टांगलं तर छतही तिला वर १०० न्यूटननेच ओढत असतं. तेव्हा आपण २०० म्हणत नाही, मग छताच्या जागी माणसाचा हात आला म्हणून आकडा दुप्पट कसा होईल?

हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. तुमच्या लिफ्टची रिकामी केबिन ८०० किलोची आणि काउंटरवेट, म्हणजे तिला तोलणारं पलीकडचं वजन, १०५० किलोचं आहे असं धरा. केबिनच्या बाजूच्या रोपांवर, म्हणजे पोलादी दोरांवर, भार ८०० चा, दुसऱ्या बाजूला १०५० चा. दोन्हींची बेरीज १८५० होते, पण ती येते मशीनखालच्या बीमवर. रोपांवर १८५० चा भार आहे असं तुम्ही कधीच म्हणणार नाही. हेच वाक्य मुलाला सांगा आणि मग विचारा, 'तुझ्या या तारेत बेरीज कशाची केलीस?' उत्तर त्याला देऊ द्या.

तिसऱ्या पानावर दोन छोटे प्रश्न आहेत. एक तार मधोमध कापली तर यंग्ज मॉड्युलस किती होईल? मुलाने लिहिलंय, निम्मा. दुसरा, त्याच धातूची दुसरी तार दुप्पट लांब आणि दुप्पट व्यासाची असेल तर त्याच वजनाने ती किती वाढेल? मुलाने लिहिलंय, तेवढीच, कारण दुप्पट-दुप्पट उडून जातं.

इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. एक गुण धातूचा आणि एक गुण तुकड्याचा. यंग्ज मॉड्युलस धातूचा आहे. पोलादाची टाचणी घ्या किंवा वाशीच्या पुलातली सळई, आकडा तोच. तार कापा, जाड करा, वेटोळं करून ठेवा, तो बदलत नाही. तुकड्याचा ताठरपणा मात्र बदलतो. तार निम्मी केली तर ती तेवढ्याच वजनाने निम्मीच वाढते, म्हणजे दुप्पट ताठर झाली. मुलाला हे 'फॉर्म्युल्यात लांबी आहे ना' असं वाटतंय. आहेच, पण ती लांबी आणि वाढ यांचं गुणोत्तर म्हणून आहे. लांबी निम्मी झाली की वाढही निम्मी होते आणि गुणोत्तर जागच्या जागी राहतं.

दुसऱ्या प्रश्नात लांबी दुप्पट म्हणून वाढ दुप्पट. व्यास दुप्पट म्हणून क्षेत्रफळ चौपट आणि वाढ पाव. दोन्ही मिळून वाढ निम्मी. असल्या गणितात आकडे टाकूच नयेत. काय सारखं आहे (धातू, वजन) आणि काय बदललं, एवढंच लिहायचं. प्रश्न थोडा फिरवून असाही विचारतात: तीच तार ओढून दुप्पट लांब केली तर? तेव्हा धातू तेवढाच राहतो, म्हणून जाडी आपोआप कमी होते. क्षेत्रफळ निम्मं, लांबी दुप्पट, त्याच वजनाने वाढ चौपट. शब्द जवळजवळ तेच आणि उत्तर मात्र वेगळं. पहिल्या ओळीत 'काय सारखं राहिलं' हे लिहिणारा मुलगा इथे फसत नाही.

चौथं पान मला सगळ्यात आवडलं, कारण तिथे त्याने निदान विचार करायचा प्रयत्न केला आहे. पोलादाची आणि पितळेची सारख्या मापाची तार एकाखाली एक जोडली आणि तळाशी वजन टांगलं. त्याने वजन दोघांत निम्मं-निम्मं वाटलं. एकाखाली एक असतील तर वाटणी होत नाही. वरच्या तारेलाही पूर्ण वजन सोसावं लागतं आणि खालच्या तारेलाही. पितळेचा मॉड्युलस पोलादाच्या साधारण निम्मा, म्हणून पितळेची तार दुप्पट वाढते, एवढंच. तारा शेजारी शेजारी असतील आणि दोघींना सारखंच वाढावं लागत असेल, तेव्हा वाटणी होते. तीही निम्मी-निम्मी नसते. ताठर तार जास्त भार घेते: पोलाद दोन वाटे, पितळ एक वाटा.

आणि शेजारी शेजारी असलेल्या तारा तर तुमचं रोजचं काम आहे. चार-पाच रोपांपैकी एक सैल राहिला तर तो कमी भार घेतो, बाकीच्यांवर जास्त येतो आणि ते आधी झिजतात, म्हणून तुम्ही वरच्या नटांवर ताण सारखा करून घेता. मुलाच्या पुस्तकात याला दुसरं नाव आहे. काम तेच.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, 'खरंच कळत नाही'. मुलगा म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. त्याच्या पुस्तकातली अक्षरं तुमच्या ओळखीची नाहीत. पण त्याला नेमकं जे येत नाही, कुठला तुकडा किती ताणाखाली आहे आणि उत्तर साधारण केवढं यायला हवं, ते तुम्हाला येतं. आणि तुम्हाला जे येत नाही ते त्याला पाठ आहे. म्हणून तुम्ही त्याला शिकवायला बसू नका. त्याने तुम्हाला शिकवावं.

वीस मिनिटं, रोज दोन-तीन गणितं, त्याहून जास्त नको. त्याने प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि आकृती काढायची. सूत्र लिहायच्या आधी तुम्ही विचारायचं: याला कोण ओढतंय? या तुकड्यात ताण किती? पुढच्या तुकड्यात तेवढाच, की वेगळा? काय सारखं राहिलं? आणि आकडेमोड करण्यापूर्वीच, 'किती मिलिमीटर येईल असं वाटतं?' त्याचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा. अंदाज चुकला तर हसायचं नाही. उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही सांगायचंच नाही, अंदाज आणि उत्तर यांत फार तफावत असेल तर फक्त 'हे जुळत नाही बघ' म्हणायचं. सुरुवातीला तो वैतागेल. 'तुम्हाला कळत नाही' असंही पुन्हा म्हणेल. तेव्हा 'म्हणूनच विचारतोय' हे उत्तर पुरेसं आहे.

एक पथ्य मात्र पाळा. लिफ्टचे किस्से सांगत बसू नका. एका गणितामागे एक उदाहरण, तेही त्याला गरज वाटली तर. सतरा वर्षांच्या मुलाला बापाच्या कामावरचं कीर्तन नको असतं. आणि त्याला दाखवायला म्हणून शाफ्टमध्ये किंवा मशीन रूममध्ये नेऊ नका. ते धोक्याचं आहे आणि परवानगीचंही नाही. बदललेल्या जुन्या रोपचा वीतभर तुकडा घरी आणा, बस. तो सोडवला की पोलादी लडी दिसतील, मध्ये ग्रीस लागलेला ताग किंवा सिसलचा गाभा दिसेल. व्हर्निअरने (जाडी मोजायच्या पट्टीने) बाहेरून १३ मिलिमीटर भरेल, पण त्या गोलात सगळा धातू नाही, पोकळी आणि गाभाही आहे. म्हणून १३ वरून काढलेलं क्षेत्रफळ गणितात चालत नाही. पिळामुळे रोप घन सळईपेक्षा जास्त ताणतोही. पुस्तकातला मॉड्युलस हा घन पोलादाचा असतो हे त्याच्या तेव्हा लक्षात येईल.

त्या तुकड्यावरून एक गणित दोघांनी मिळून करा. वीस मजल्यांची इमारत, मशीन वर, केबिन थेट टांगलेली. केबिन तळमजल्यावर असताना तिच्यावर साधारण ६० मीटर रोप आहे. पाच रोप, प्रत्येकात ६० चौरस मिलिमीटर धातू धरू, म्हणजे एकूण ३००. आठ माणसं आत शिरली, तुमच्या पाटीवर लिहिलेलं असतं तसं ५४४ किलो, म्हणजे ५३०० न्यूटनच्या आसपास. रोपचा मॉड्युलस ७० हजार न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरा. ५३०० भागिले ३०० म्हणजे स्ट्रेस साधारण १८. त्याला ७० हजारांनी भागून ६० हजार मिलिमीटरने गुणलं की १५ मिलिमीटर येतात. माणसं भरल्यावर तळमजल्यावर केबिन बोटभर खाली बसते आणि उंबऱ्याशी पायरी पडते, ती हीच. तीच आठ माणसं विसाव्या मजल्यावर शिरली तर वर जेमतेम तीन मीटर रोप आहे, केबिन मिलिमीटरभरही हलत नाही. वाढ लांबीच्या प्रमाणात असते हे वाक्य त्याने कितीदा लिहिलं असेल कोण जाणे, ते दिसतं कसं हे एवढ्याने कळेल.

नवीन रोप टाकल्यावर काही महिन्यांनी काउंटरवेट तळाशी धक्का झेलायला बसवलेल्या बफरच्या फार जवळ येतं आणि तुम्ही रोप शॉर्टनिंग करता, म्हणजे रोप आखूड करता, हेही त्याला विचारा: ही वाढ वरच्या गणितात बसते का? बसत नाही. लडी एकमेकींत बसतात आणि गाभा दबतो म्हणून आलेली ती वाढ आहे, भार काढला तरी परत जात नाही. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये उलगडून सांगितलेला 'जेवढा ताण तेवढी वाढ' हा नियम मर्यादेतच चालतो, आणि परीक्षेतला आलेख याच कारणाने पुढे वाकतो.

ज्यांच्या घरात कुणी लिफ्टचं काम करत नाही अशा वाचकांनीही निराश व्हायला नको. पंख्याची मोटर भरून देणाऱ्या दुकानातून ०.२ मिलिमीटर जाडीची वाइंडिंगची तांब्याची तार दोन-अडीच मीटर आणा. उंच खिडकीच्या गजाला बांधून खाली प्लास्टिकची बाटली टांगा, तारेवर कागदाचा छोटा झेंडा चिकटवा आणि त्यामागे भिंतीला पट्टी लावा. आधी थोडं पाणी घालून तारेचे वळ सरळ करून घ्या, नाहीतर तुम्ही वळच मोजाल. मग १०० मिलिलिटर पाणी वाढवलं की १०० ग्रॅम वाढले. दोन मीटर तारेला हिशेबाने अर्धा मिलिमीटर यायला हवा. अर्धा लिटरकडे गेलात की तार हिशेब सोडून लांबत जाईल आणि पाणी काढलं तरी मागे येणार नाही. तुटली तर झटक्याने उडते, डोळ्यांना चष्मा हवा आणि लहान मुलं लांब हवीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तारेची वाढ मोजायचं सर्लचं उपकरण असेल तर तेही मुलाने मागून बघावं. त्यात दोन तारा शेजारी का टांगतात हे सरांना विचारावं. दुसरी तार वजन सोसायला नसते. खोलीचं तापमान बदललं किंवा वरचा आधार किंचित खचला तर दोन्ही तारांना सारखंच होतं, आणि फरक तेवढा भाराचा उरतो.

तापमानाची गणितं त्याच्या वहीत नव्हती, पण पुढच्या चाचणीत येतील म्हणून दोन ओळी. घणसोलीहून ठाण्याला जाताना रुळांकडेच्या ठरावीक खांबांवर लोखंडी वजनांची चळत पुलीला टांगलेली दिसते. गाडीला वीज देणारी वरची तांब्याची तार उन्हात वाढते, ७०० मीटरला १५ अंशांमागे साधारण १८ सेंटिमीटर. ती सैल पडू नये म्हणून वजनं खाली सरकतात आणि ताण कायम ठेवतात. इथे तार वाढते, पण ताण बदलत नाही. उलट दोन्ही टोकं घट्ट जखडली असतील तर लांबी बदलत नाही आणि ताण बदलतो. पोलादी सळई ३० अंशांनी तापली तर प्रति चौरस मिलिमीटर ७२ न्यूटनचा दाब येतो, सळई एक मीटरची असो वा शंभर मीटरची. प्रश्नात लांबी दिलेली नसते म्हणून मुलं 'डेटा अपुरा' लिहून मोकळी होतात. लांबी लागतच नाही.

क्लासचं. तुमच्या पत्नीची काळजी खोटी नाही, आणि सगळे क्लास वाईट असतात असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. काही मुलांना बरोबरीची चार पोरं आणि ठरलेली वेळ याचीच गरज असते. पण तुमच्या मुलाचं सूत्र पाठ आहे आणि आकडेमोड ठीक आहे. जी बॅच आणखी तीनशे गणितं याच चालीने सोडवून घेणार असेल, ती त्याच्या चुका फक्त वेगाने करायला शिकवील. पैसे भरण्याआधी मुलाने दोन तास तिथे नुसतं बसून यावं. परत आल्यावर विचारा: सरांनी आकृती काढली का? चुकलेलं उत्तर का चुकलं यावर कुणी बोललं का, की 'ट्रिक लिहून घ्या' झालं? तुमच्यासारखा प्रश्न विचारायची सोय तीस-चाळीसांच्या बॅचमध्ये आहे का? उत्तरं चांगली आली तर लावा. सूट आजच संपतेय म्हणून लावू नका. तसं सांगणाऱ्याकडे तर मुळीच नको.

मुलाच्या स्वतःच्या कॉलेजातल्या सरांना तो एकदा तरी भेटलाय का, हे पत्रात कुठे नाही. चार पानं घेऊन जाऊ दे. वहीतल्या चुका घेऊन समोर आलेल्या विद्यार्थ्याला परतवून लावणारे शिक्षक मी फार कमी पाहिलेत.

कॉमर्सचं. तिथे जाणं कमीपणाचं नाही, पण त्याने ते कधी सुचवलं ते बघा. चाचणीच्या निकालाच्या संध्याकाळी ना? मग हे आवडीचं बोलणं आहे की अपमानाचं, ते अजून त्यालाही ठाऊक नसेल. केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा गणित यात त्याला काय वाटतं ते विचारा. फिजिक्समध्येसुद्धा बाकीचे धडे कसे गेले? अकरावीची परीक्षा कॉलेजचीच असते, बोर्डाचा पेपर बारावीला. सावरायला वेळ आहे. जेईईच्या वाटेला जायचं असेल तर मात्र घन पदार्थांचे हे गुणधर्म अभ्यासक्रमात आहेत, सोडता येणार नाहीत. डिप्लोमाला टाकावं असंही तुमच्या मनात येऊन गेलं असेल, म्हणून सांगते: मेकॅनिकल किंवा सिव्हिल डिप्लोमात हीच तार सळई होऊन पुन्हा भेटते, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स नावाने, आणि तिथे ती इथल्यापेक्षा जास्त पानं खाते.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वीस मिनिटांचं हे बसणं चालू ठेवा आणि फी तोवर भरू नका. सुट्टी संपताना या चार पानांवरची गणितं त्याला नव्या कागदावर पुन्हा सोडवू द्या, आकडे थोडे बदलून: वजन १ किलो, तार तांब्याची, व्यास अर्धा मिलिमीटर. कोपऱ्यातला अंदाज आणि खालचं उत्तर जवळ यायला लागले असतील तर पत्नीलाही ते कागद दाखवा आणि ३५,००० बँकेत राहू द्या. लागले नसतील, किंवा तोवर त्याने शांतपणे, निकालाचा राग नसताना, पुन्हा कॉमर्स म्हटलं, तर ते कागद आणि त्याच्या हातचं दोन ओळींचं पत्र मला पाठवा. या वेळी त्याच्याकडूनच ऐकायला आवडेल.